टकळी, फळा आणि मागणीपत्र

समीक्षा म्हटली की आपण कविता, कथा, आत्मकथन यांच्याकडे वळतो. मागणीपत्राकडे कोणी वळत नाही. शाळेने गणिताच्या वर्गासाठी आलेखफलक, भूमितीची मोठी साधने, संगणक किंवा प्रोजेक्टर मागितला, मुख्याध्यापकांची सही झाली, जावक क्रमांक पडला आणि कागद शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे गेला, की त्या लेखनाचे आयुष्य संपले असे आपण धरून चालतो. मला मात्र हे एकपानी लेखन फार बोलके वाटते. कोण मागतो, कोणाजवळ मागतो, कोणत्या शब्दांत मागतो आणि कशासाठी मागतो, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात. ही उत्तरे एकत्र ठेवली की समाजातील सत्ता कोठे बसली आहे ते दिसू लागते.

मी वर्धा जिल्ह्यात माध्यमिक वर्गांना गणित शिकवत आलो आहे. वर्गात कोणते साधन असावे या प्रश्नावर देशपातळीवरचा विचार एकदा याच जिल्ह्यात झाला होता आणि त्यातून टकळी पुढे आली होती. म्हणून प्रस्तुत लेखात मी तीन लेखने शेजारी ठेवून वाचणार आहे: १९३७ ची वर्धा शिक्षण योजना, १९४२ मधील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निवेदन आणि आज आपल्या शाळांतून जाणारी मागणीपत्रे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. साधनाचे मूल्य ते कोणाच्या प्रश्नातून वर्गात आले यावर ठरते. आणि आपल्या मुलांच्या वर्गात बहुतेक साधने प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच येऊन बसली आहेत.

१

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. काँग्रेसची मंत्रिमंडळे ज्या प्रांतांत आली होती तेथील शिक्षणमंत्री होते, शिक्षणतज्ज्ञ होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचे वेतन निघावे ही अपेक्षा, असे ठराव झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरमध्ये तिचा अहवालही आला. मूलोद्योग म्हणून सूतकताईचा अभ्यासक्रम त्यात तपशीलवार दिला होता. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाने हे काम चालवले.

या योजनेवर टीका करण्यापूर्वी तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. टकळीत गणित आहे, हे खोटे नाही. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत २,५६० फूट सूत. एका मुलाने तासाला १६० तार काढले तर गुंडीला चार तास लागतात. वजन व लांबी यांवरून सुताचा अंक काढता येतो, तुटीची टक्केवारी काढता येते. आकडे मुलाच्या बोटांतून जातात. शिवाय ज्या समाजात हाताने काम करणारा नीच ठरवला गेला, तेथे ब्राह्मण-वाण्याच्या मुलाच्या हाती टकळी, खराटा आणि फावडे देणे हा वर्णाभिमानाला बसलेला धक्का होता. सेवाग्रामच्या प्रयोगातील ही बाजू नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. अहवालातील रोजचे वेळापत्रक पाहावे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे आहेत. मातृभाषेला ४० मिनिटे. आणि संगीत, चित्रकला व अंकगणित या तिघांना मिळून ४० मिनिटे. गणिताचे उद्दिष्टही अहवालाने सांगितले आहे: मुलाला आपल्या उद्योगात, घरात आणि समाजजीवनात उद्भवणारी नेहमीची उदाहरणे झटपट सोडवता यावीत, व्यवहार व हिशेबठेवणी यावी. मग अपूर्णांक, दशांश, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रमापनाची मूलतत्त्वे, प्रात्यक्षिक भूमिती, जमाखर्च अशी यादी येते. बीजगणिताचे नाव या यादीत नाही. गांधीजींची मूळ अपेक्षा अशी होती की, सात वर्षांत इंग्रजी वगळता मॅट्रिकपर्यंतचे सर्व विषय व्हावेत. मॅट्रिकच्या गणितात बीजगणित होते, भूमितीची सिद्धता होती. अपेक्षा मॅट्रिकची आणि यादी दुकानाच्या चोपडीची, ही या अहवालातील मोठी विसंगती आहे.

'उद्योग, घर आणि समाजजीवन' हे तीन शब्द दलित वाचकाने थांबून वाचले पाहिजेत. ज्याचे घर गावकुसात आहे त्याला या शब्दांत काही वावगे वाटणार नाही. पण चांभाराच्या मुलाचा उद्योग कोणता? मांगाच्या मुलाचे समाजजीवन कोणते? महाराच्या मुलाचे घर गावाच्या कोणत्या बाजूला? आमच्या उद्योगाने, घराने आणि समाजजीवनाने आमच्यासमोर जेवढी उदाहरणे ठेवली होती तेवढीच सोडवायला शिकणे म्हणजे गावगाड्याच्या आत राहून हिशेब चोख करणे. गणिताचे सामर्थ्य याच्या नेमके उलट आहे. समोर नसलेल्या वस्तूचा विचार करता येणे, 'समजा क्ष' म्हणता येणे, हे बीजगणिताचे पहिले पाऊल. ज्याला 'आहे ते असेच आहे' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्याच्यासाठी 'समजा' हा शब्द फार मोठा आहे. तोच या यादीतून सुटला.

उत्पन्नातून वेतन काढण्याच्या कल्पनेला त्याच परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला होता, हेही नोंदले पाहिजे. मुलाच्या श्रमावर शाळा चालवावी हा विचार ज्यांच्या मुलांनी कधी श्रम केले नाहीत त्यांना नवा व उदात्त वाटू शकतो. कापूस वेचणीला आईबरोबर गेलेले मूल हे गणित शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. काटा कोणाच्या हातात आहे हेही त्याला ठाऊक असते.

समितीत विनोबा होते. विनोबांचे गणितप्रेम प्रसिद्ध आहे. तरुणपणी त्यांनी आपली प्रमाणपत्रे जाळली, ही गोष्टही आदराने सांगितली जाते. त्या त्यागाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण जाळायला आधी प्रमाणपत्र हाती असावे लागते. ज्यांच्या घरात पहिला शाळेचा दाखला अजून यायचा होता, त्यांच्या शिक्षणाचा आराखडा प्रमाणपत्राच्या मोहातून मुक्त झालेल्या मनांनी करावा, यातील अंतर त्या वेळी कोणाला जाणवल्याचे अहवालात तरी दिसत नाही.

लेखन म्हणून या अहवालाचा दोष मला असा दिसतो. तो राष्ट्राशी बोलतो, मंत्र्यांशी बोलतो, शिक्षकांशी बोलतो. मूल त्यात सर्वत्र आहे, पण ते काही मागत नाही. त्याला काय हवे आहे हे दुसऱ्याने ठरवले आहे, प्रेमाने ठरवले आहे, आणि म्हणूनच त्याला नकार देणे अवघड झाले आहे.

२

आता दुसरे लेखन. वर्ध्याच्या परिषदेनंतर पाच वर्षे व एका आठवड्याने, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी गव्हर्नर-जनरलना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. निवेदनातील शिक्षणाचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

त्यातील विचार असा आहे: कला व कायद्याच्या पदव्यांनी अनुसूचित जातींचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान व तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण हवे, ते त्यांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून सरकारने खर्च उचलावा. मग आकडे येतात. विज्ञान व तंत्रशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरसाल दोन लाख रुपये, परदेशी शिक्षणासाठी दरसाल एक लाख. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात आपल्यापैकी किती जणांच्या घरात पहिली पदवी त्या रकमेवर आली, ते वाचकांना सांगायला नको.

मागणीपत्र कसे असावे याचा हा वस्तुपाठ आहे. कारण सांगितले, अडचण सांगितली, रक्कम सांगितली, जबाबदारी कोणाची ते सांगितले. आळवणी नाही, आभाराचा आगाऊ भरणा नाही. मुख्य म्हणजे मागणी वरच्या टोकाला आहे. सर्वांत खालच्या माणसासाठी सर्वांत वरचे ज्ञान मागायचे, हा बाबासाहेबांचा आग्रह आहे. वर्ध्याच्या योजनेने गावाला पुरेल तेवढे गणित मोजून दिले होते. या निवेदनाने माप हातातून काढून घेतले.

यंत्राविषयीचा बाबासाहेबांचा विचारही येथे आठवला पाहिजे. १९४५ च्या त्यांच्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्र व आधुनिक संस्कृती यांची बाजू घेतली. पशुवत्‌ कष्टातून माणूस सुटला तरच त्याला फुरसत मिळेल आणि फुरसत असेल तरच संस्कृती शक्य होईल, असे ते म्हणतात. वर्गातील यंत्राकडे मी याच दृष्टीने पाहतो. आलेख काढण्यात अर्धा तास जाणार असेल तर त्या आलेखाचा अर्थ विचारायला वेळ उरत नाही. यंत्राने तो वेळ मोकळा करून द्यावा.

परंतु यंत्र आले म्हणजे समता आली, असे समजण्याचा भोळेपणा आपल्याला परवडणारा नाही. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कूलमधील प्रसंग आहे. शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले आणि वर्गात गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. खडू-फळा हे वर्गातील सर्वांत साधे व सर्वांत जुने साधन. त्यावर लिहिले जाणारे गणित कोणत्याही जातीचे नव्हते. पण फळ्याच्या मागे जात ठेवलेली होती. प्रत्येक नव्या साधनाच्या बाबतीत म्हणूनच विचारले पाहिजे की, त्याच्या मागे काय ठेवले आहे?

३

आता तिसऱ्या लेखनाकडे, म्हणजे आपल्या स्वतःच्या मागणीपत्रांकडे वळू.

'सविनय सादर', 'नम्र विनंती', 'कृपया मंजुरी मिळावी', 'शाळा आपली ऋणी राहील'. शिष्टाचार म्हणून हे शब्द सोडून देता आले असते. पण बहुतेक पत्रांत या शब्दांखेरीज दुसरे काही नसते. कोणत्या इयत्तेला, कोणत्या प्रकरणासाठी, का हवे, याचा उल्लेख नसतो. वस्तूंची यादी असते आणि ती यादीही बहुधा वरून आलेल्या नमुन्यात भरलेली असते. ज्याने वर्गात शिकवायचे त्याने ती लिहिलेली नसते. मग वस्तू येते तेव्हा तिला वर्गात प्रश्नच नसतो.

योजनांची उणीव नव्हती. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली; ती प्राथमिक शाळांसाठी होती. माध्यमिक शाळांत संगणक नेण्याची केंद्राची योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक वर्गाला आवश्यक ती अध्यापन-साधने द्यावीत असे परिशिष्टात लिहिले. पण तो हक्क आठवीपर्यंतचा. बीजगणित व भूमिती जेथे खऱ्या अर्थाने उभी राहते, त्या नववी-दहावीच्या दाराशी कायद्याचा हक्क संपतो आणि विनंती सुरू होते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे अंतर सर्वांना दिसले. ज्या घरी एकच फोन होता आणि तो घेऊन बाप कामावर जात होता, त्या घरच्या मुलीचा वर्ग त्या फोनबरोबर कामावर गेला.

मी काम केलेल्या एका शाळेत प्रोजेक्टर होता. तो संगणककक्षात होता, कक्षाला कुलूप होते, किल्ली कार्यालयात होती. कारण समजून घेण्यासारखे आहे. वस्तू एकदा जडसंग्रह नोंदवहीत चढली की ती शिक्षकाच्या अंगावर येते. मोडली तर जाब, हरवली तर वसुली, निकामी झाली तर निर्लेखनाचा लांबलचक पत्रव्यवहार. शहाणा शिक्षक ती कपाटात ठेवतो. पाहणीच्या दिवशी पुसून काढतो. त्या दिवशी कळफलकावर कोण बसते? ज्याच्या घरी संगणक आहे तो मुलगा. बाकीच्यांना सांगितले जाते, 'हात लावू नका, महाग आहे.' बोलणाऱ्याच्या मनात जात नसेलही. पण ज्या मुलाच्या घराण्यात 'हात लावू नका' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले आहे, त्याच्या कानाला ते जुन्याच ठिकाणी लागते. फळ्यामागचे डबे गेले. कपाटाची किल्ली आली.

मग गणिताला खरोखर काय हवे? येथे गणिताच्या शिक्षकाने नेमके बोलले पाहिजे. दहावीच्या भूमितीत वर्तुळाचे प्रकरण आहे. एकाच कंसात अंतर्लिखित केलेले सर्व कोन एकरूप असतात, हे प्रमेय मी फळ्यावर शिकवतो. खडूने एक वर्तुळ निघते, त्यात दोन-तीन कोन निघतात. मुले सिद्धता पाठ करतात. 'सर्व' या शब्दावर त्यांचा विश्वास मात्र बसत नाही. जिओजेब्रा या मोफत आज्ञावलीत तो बिंदू कंसावर सरकवला की कोनाची भुजा हलते, जागा बदलते आणि माप तेवढेच राहते. मुलांच्या तोंडून 'का?' निघतो. हा 'का' आला की सिद्धतेला काम मिळते. एवढ्यासाठी एक संगणक, एक प्रोजेक्टर आणि न जाणारी वीज हवी, आणि ती का हवी हे मला एका वाक्यात सांगता येते.

दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी मला संगणक अगत्याचा वाटत नाही. चौकटी आखलेला फलक आणि प्रत्येकाच्या हाती आलेखकागद असला की पुरे. दोन रेषा स्वतःच्या हाताने काढून त्या एका बिंदूत छेदल्या, हे पाहण्यात जे आहे ते पडद्यावर तयार आलेख पाहण्यात नाही. त्रिकोणमितीसाठी कोनमापक, पोकळ नळी, दोरा आणि ओळंब्याला दगड पुरतो. हिंगणघाटच्या जिनिंगची चिमणी असो की गावची पाण्याची टाकी, तिची उंची अंगणातून काढता येते. येथे मी टकळीवाल्यांच्या जवळ जातो हे मला कळते. हाताने करण्याला माझा विरोध नाही. हात जेथे थांबतो तेथे मुलाला थांबवण्याला विरोध आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. चळवळीतील मित्र म्हणतात, वसतिगृहात भाकरी धड मिळत नाही, शिक्षकांची पदे रिक्त आहेत, आणि तुम्ही प्रोजेक्टर काय मागता? शिक्षकाऐवजी पडदा कोणी देत असेल तर तो परत पाठवला पाहिजे, यात दुमत नाही. पण भाकरी आधी आणि बीजगणित नंतर, हा क्रम कोणी लावला? सवर्ण वस्तीतील शाळेला हा क्रम कोणी विचारत नाही. दुसरी बाजू म्हणते, या मुलांना एवढे गणित कशाला? २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातून एक सूचना पुढे आली. दहावीला गणित व विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र पुढे गणित-विज्ञानाकडे जाता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नापासाचा शिक्का टळावा हा हेतू चांगला आहे. परंतु वीस गुण मिळवणारी मुले कोणत्या वर्गांत बसलेली असतील, आणि त्या वर्गांत काय होते व काय नव्हते, हे त्या शेऱ्यात लिहिलेले नसेल. साधन नाकारायचे, मग गुण कमी पडले म्हणून वाट बंद करायची आणि त्याला सवलत म्हणायचे, हे त्रैराशिक आपल्याला ओळखीचे आहे.

४

म्हणून मागणीपत्राची भाषा बदलली पाहिजे, आणि ती बदलणे हे साहित्याच्या चळवळीचेही काम आहे. दलित साहित्याने आत्मकथनाला भाषा दिली. अर्जाची भाषा मात्र आपण कारकुनाकडून उसनी घेत राहिलो. नमुना म्हणून मी असे लिहीन:

'इयत्ता दहावी, भूमिती, प्रकरण वर्तुळ. या प्रकरणातील प्रमेये समजण्यासाठी आकृतीतील बिंदू सरकवून पाहणे आवश्यक आहे. वर्गात त्याची सोय नाही. यासाठी एक संगणक व एक प्रोजेक्टर वर्गखोलीतच हवा, कक्षात नको. प्रत्येक विद्यार्थी व विद्यार्थिनी तो आळीपाळीने स्वतः हाताळील. त्याची नोंद ठेवली जाईल. वापरात झालेली मोडतोड शिक्षकाकडून वसूल केली जाणार नाही, असे मंजुरीपत्रात नमूद करावे. वस्तू नाकारल्यास कारण लेखी कळवावे.'

यात उद्धटपणा कोठेही नाही. प्रकरण आहे, कारण आहे, हात कोणाचा लागणार ते आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारी आहे. हे पत्र कोठे ठेवायचे तेही ठरलेले आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक घेतले, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा दिली, निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम या समितीकडे सोपवले. माध्यमिक शाळांतही अशा समित्यांची रीत आली. महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समितीने स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. या पैशांतून सायकली आणि शिलाई यंत्रे वाटली जाताना आपण पाहतो. शिलाई यंत्र वाईट नाही. पण टकळीपासून शिलाई यंत्रापर्यंतच्या या सरळ रेषेत कोठे आलेखफलक का येत नाही, हे सभेत उठून विचारता येते, आणि उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली खर्चाची यादी मागता येते.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, आपल्या गावच्या शाळेने गेल्या पाच वर्षांत गणितासाठी काय मागितले, ती पत्रे काढून वाचा. वेचणीला जाणारी बाई समितीवर असेल तर तिला ती वाचून दाखवा. काट्यावर कोण कसे मोजतो हे तिला कळते. त्या पत्रात तिच्या मुलीचे माप कोणी आणि किती धरले आहे, हेही तिला लगेच कळेल. शिक्षकांनी पुढचे पत्र तिच्यासमोर लिहावे.